रेडिओ ऐकतं कोण?

३ मार्च

आज खुर्ची मिळाली. चाकांची. एक चाक मोडकं आहे, त्यामुळे ती सारखी डावीकडे पळते. पळू दे. सातवीत शाळा सोडलेला माणूस कॉम्प्युटरसमोर बसून बोर्डाची आखणी करतोय, ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हवी, म्हणून ही वही काढली. कुणी वाचणार नाही, तेव्हा फुशारकी मारली तरी चालेल.

आमचा कारखाना म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. आम्ही बॅटरीवरचे दिवे बनवतो, लाइट गेली की लावायचे. बॅटरी जास्त व्होल्टेजची, दिव्याला लागतं कमी. मधे एक चिप बसते. ती वीज सेकंदात लाखो वेळा जोडते आणि तोडते, मग कॉइल आणि कपॅसिटर मिळून ते सगळे हिसके गुळगुळीत करतात, आणि पलीकडे हवा तेवढाच व्होल्टेज निघतो. हे सगळं ज्या हिरव्या पट्टीवर बसतं तो बोर्ड. कुठला तुकडा कुठे बसवायचा आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या वाटा कुठून न्यायच्या, हे ठरवायचं काम आता माझं. कालपर्यंत मी पलीकडच्या टेबलावर सोल्डरिंग करत होतो. आखणी करणारा माणूस सोडून गेला, मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कॉम्प्युटरवर खेळायचो ते मालकांनी पाहिलं होतं, आणि नवा माणूस शोधायचा त्यांना कंटाळा. तिन्ही गोष्टी जुळल्या.

आईला फोन केला. "खुर्ची मिळाली म्हणजे? इतके दिवस उभा होतास होय?" म्हणाली. मग म्हणाली, "टिकव आता."

सगळ्यांना वाटतं मी टिकत नाही. ट्रक धुण्याचं काम सोडलं, गोदाम सोडलं, छापखाना सोडला. सोडलं म्हणजे काय, कुणी वेडंवाकडं बोललं की मी चपला घालतो. त्यात माझं काय चुकलं?

९ मार्च

पहिला बोर्ड काढून झाला. काय दिसतो म्हणून सांगू!

बाबा फरशी बसवायचे. शाळा सोडल्यावर मी त्यांच्याच हाताखाली होतो. दोरी ताणायची, सांध्याला सांधा भिडवायचा, दारातून बघितलं की रेघ सरळ भिंतीपर्यंत गेली पाहिजे. एक फरशी तसूभर सरकलेली दिसली तर बाबा ती उखडायचे. मी बोर्ड तसाच बसवला. चिप मधोमध. सगळे कपॅसिटर कडेला एका ओळीत, मधे सारखं अंतर. एकही वाट तिरकी नाही. एक वाट अडत होती, ती खालच्या बाजूने सरळ आरपार नेली.

सोल्डरिंगचे काका चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "याच्यावर चालताना चपला काढायच्या का रे?" म्हणाले.

मग पदवीबाई आल्या. (तोंडावर मी त्यांना मॅडम म्हणतो. इथे माझं राज्य आहे.) इंजिनिअर म्हणून त्या एकट्याच आहेत इथे. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हा इनपुटचा कपॅसिटर चिपपासून इतका लांब का?"

"ओळीत बसतो म्हणून."

"ओळीत बसायला ही काय शाळा आहे?"

काका खो खो हसले. मी नाही हसलो. शाळा हा शब्द त्यांनी मुद्दाम काढला, मला पक्कं ठाऊक आहे.

"बरं," त्या म्हणाल्या, "करंट जातो कुठून ते दिसतंय. परत कुठून येतो?"

"येतो की," मी म्हटलं.

"कुठून?"

मालकांना घाई होती. त्यांनी सांगितलं, नमुने छापायला पाठवा, मग बघू. पाठवले. मला उत्तर द्यावंच लागलं नाही.

२१ मार्च

नमुने आले. काकांनी तुकडे बसवले, मी बॅटरी लावली आणि दिवा लागला. व्होल्टेज मोजला, काटेकोर. मी मालकांकडे बघितलं, मालकांनी दिव्याकडे बघितलं, म्हणाले, "झकास."

बाईंनी आपला स्कोप लावला, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र. पडद्यावर एक सरळ रेघ दिसायला हवी म्हणे. रेघ होती, पण तिच्यावर ठरावीक अंतराने काटे उभे होते, निवडुंगासारखे.

"हे काटे बघ. हे नुसते इथे राहत नाहीत, हवेत जातात. जवळ रेडिओ असला तर तो घरघरेल."

"मॅडम, आजकाल रेडिओ ऐकतं कोण?"

सगळे हसले. मालकसुद्धा. बाईंनी स्कोपची वायर गुंडाळली आणि जागेवर जाऊन बसल्या. चला, एक डाव माझा.

एक दिवा मी मालकांना विचारून घरी पाठवला. अक्का, माझी थोरली बहीण, आईच्याच गावात दिलेली; तिचे दीर कामासाठी इकडे आले होते, त्यांच्या पिशवीत घातला. आत माझा बोर्ड आहे हे आईला नीट समजावून सांगा म्हटलं. ते म्हणाले, "सांगतो, पण मलाच आधी समजू दे."

३० मार्च

आईचा फोन. दिवा पोचला. शेल्फवर ठेवलाय, रेडिओला लागून, कारण दारातून आत आलेल्या माणसाची नजर पहिली तिथेच जाते. लाइट असली तरी लावते म्हणे. शेजारीण आली, पोस्टमन आला, गॅसवाला आला, सगळ्यांना दाखवून झालं. अक्का मागून ओरडत होती, "अगं, दिवसाउजेडी तरी बंद कर तो!"

"आणि तू? बरी आहेस?"

"मी बरी. या रेडिओचा घसा मात्र बसलाय. म्हातारा झाला बिचारा."

तो बाबांच्या वेळचा. मी म्हटलं, नवा पाठवतो. तर म्हणाली, "नको रे, बसलेला घसा काय, सुटेल कधीतरी. तू परत कधी येतोयस?"

"येईन की."

८ एप्रिल

बाईंशी आज चांगलंच वाजलं. मोठा लॉट छापायचा आहे आणि त्या म्हणतात, आखणी नव्याने कर. कारण? तेच. कपॅसिटर लांब, बोर्डाच्या खाली पसरलेलं तांबं चिरलंय, कॉइलला जोडलेला तांब्याचा पत्रा एवढा रुंद कशाला.

"रुंद म्हणजे भक्कम," मी म्हटलं.

"तो भाग सगळ्यात जास्त उड्या मारतो. तो जितका मोठा तितका गोंगाट मोठा."

"दिवा लागतो की नाही?"

"लागतो."

"मग?"

"मग काही नाही," म्हणाल्या आणि फळ्यावरचं पुसायला लागल्या. ज्या तऱ्हेने पुसलं ना, मला पुसल्यासारखं. मनात आलं, चपला घालाव्यात. गावात दुसरे कारखाने आहेत. पुस्तकात वाचलेलं इकडे येऊन ओकायचं आणि आमच्यासारख्याने हातांनी केलेलं मोडायचं, हा यांचा धंदा. माझी रेघ सरळ आहे याचाच यांना त्रास.

संध्याकाळी आईशी बोललो. मागे एकदम शांतता.

"रेडिओ नाही लावलास?"

"कंटाळा आला. तेच तेच असतं."

माझ्या आईला रेडिओचा कंटाळा! संध्याकाळी रेडिओवर कथा वाचायला लागले की घरात बाबांनाही तोंड उघडायची सोय नसायची. 'गप, ऐकू दे.' बाबा मला बोटांनी खुणा करून मीठ मागायचे. वय झालं तिचं, दुसरं काय. नवा रेडिओ पाठवायलाच हवा.

१२ एप्रिल

ठरवलं, बाईंना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. सकाळी जुन्या बाजारात गेलो, एक रेडिओ घेतला, आईच्यासारखाच, लांब एरियलचा. नंतर तोच घरी पाठवायचा, म्हणजे एका दगडाने दोन कामं. कारखान्यात सगळ्यांना बोलावलं. मालक आत होते, पण काका होते, पॅकिंगच्या दोघीजणी होत्या, बाई होत्याच.

रेडिओ लावला. जुनं गाणं लागलं होतं, स्वच्छ. "ऐका," मी म्हटलं, आणि दिव्याचं बटण दाबलं.

घर्रर्रर्र.

गाणं गेलं. म्हणजे होतं कुठेतरी, पण कुणीतरी त्याच्यावर पोतं टाकून बसल्यासारखं. मी स्टेशन बदललं. घर्रर्र. रेडिओ आडवा केला, उभा केला, एरियल फिरवली. दिवा बंद केला, गाणं आलं. लावला, घर्रर्र. मी सात-आठ वेळा तरी केलं असेल. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही येणार.

काका म्हणाले, "गायक बरा होता. साथीला पिठाची गिरणी कुणी बसवली?"

पॅकिंगच्या दोघी तोंड वळवून हसल्या. बाई नाही हसल्या. त्यांनी रेडिओ उचलला, बोर्डावरून हळूहळू फिरवला, कुठे जास्त घरघरतो ते बघितलं. माझ्या ओळीवरून नेला तेव्हा तो भुंकायलाच लागला. "रेडिओ आणलास ते फार बरं केलंस," म्हणाल्या. "आपल्याकडे हे तपासायला काहीच नव्हतं."

कुजकट बोलल्या असत्या तर मी निघून गेलो असतो. तसं काही बोलल्या नाहीत, म्हणून जास्त राग आला. जिन्यात येऊन उभा राहिलो. आणि तिथे, काही कारण नसताना, डोक्यात आलं: या रेडिओचा घसा मात्र बसलाय.

शेल्फवर. रेडिओला लागून.

तिथूनच फोन लावला.

"आई, दिवा बंद कर आणि रेडिओ लाव."

"का रे?"

"लाव तर."

ती हलल्याचा काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे ते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दिवा लावला की तो घोगरा, विझवला की बरा. एवढं कळायला काय शिकावं लागतं?"

"मग विझवायचास ना!"

"का विझवू? तू केलेला दिवा मी का विझवू?"

"निदान मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी खुर्ची सोडून निघाला असतास. तुला मी ओळखत नाही?"

मी जिन्यातच खाली बसलो. ती म्हणाली, "जेवलास का?" मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१३ एप्रिल

बाईंच्या टेबलाशी गेलो. "मॅडम, परत कुठून येतो ते दाखवा."

त्यांनी कागद ओढला. बॅटरीकडून आलेली वीज आधी त्या इनपुटच्या कपॅसिटरमध्ये साठते. चिप हिसका मारते तेव्हा करंट तिथूनच निघतो, चिपमधून जातो आणि खालच्या तांब्यातून पुन्हा त्याच कपॅसिटरला येऊन मिळतो. ही फेरी लाखो वेळा सुरू होते आणि तुटते. फेरी जेवढी जागा व्यापेल तेवढी ती ओरडते. मी कपॅसिटर ओळीच्या टोकाला बसवला होता, आणि खालून ती माझी सरळ वाट नेताना तांबं मधोमध कापलं होतं. म्हणजे परतणाऱ्या करंटला अख्ख्या बोर्डाला वळसा.

मी बघत राहिलो. बाथरूमची फरशी! बाहेरच्या खोलीत बाबा दोरी लावायचे, पण बाथरूममध्ये दोरी बाजूला ठेवायचे. तिथे उतार. रेघ थोडी मोडली तरी चालेल, तुकडे कापून बसवले तरी चालेल, पण सांडलेलं पाणी जवळच्या वाटेने जाळीकडे गेलं पाहिजे. मी बाथरूममध्ये बैठकीची फरशी घातली होती, आणि वर जाळी लांबच्या कोपऱ्यात.

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "जवळजवळ तसंच. पाणी ओरडत नाही एवढाच फरक."

"चूक मान्य," मी म्हटलं. "पण त्या दिवशी शाळेवरून बोललात ते मला लागलं."

"कुठल्या शाळेवरून?"

"ओळीत बसायला ही काय शाळा आहे."

त्यांना आठवेचना. मग आठवलं. "अरे, गंमत केली होती मी!"

"गंमत होती तर आधी तुम्ही हसायचं असतं. आम्हाला कळायचं कसं?"

तेव्हा हसल्या. महिनाभर उशिरा.

१९ एप्रिल

नवी आखणी झाली. बघवत नाही. कपॅसिटर चिपच्या अंगाला खेटून, तिरका. ओळ गेली, अंतरं गेली. कॉइलचा पत्रा आखडून घेतला. खालचं तांबं मात्र अखंड, एकही चीर नाही, त्यासाठी वरच्या वाटेला तीन वळणं द्यावी लागली. हात प्रत्येक वेळी कपॅसिटर सरळ करायला जायचा. मी हाताला शिव्या देत काढली.

दुपारी मालक आले. जुन्या आखणीचाच लॉट उद्या छापायला पाठवा म्हणाले, गिऱ्हाईक थांबायला तयार नाही.

"साहेब, त्याने रेडिओ घरघरतो."

"दिवा लागतो ना? आजकाल रेडिओ ऐकतं कोण?"

माझंच वाक्य. शब्दालाही धक्का नाही. ऐकायला इतकं वाईट लागतं हे मला माहीत नव्हतं.

"माझी आई," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. मी परत म्हटलं, "माझी आई ऐकते. तो बोर्ड मी काढलाय, तो चुकलाय, आणि तो मी पाठवणार नाही."

"तू पाठवणार नाहीस?"

"नाही."

"खुर्चीवर बसवलं म्हणजे डोक्यावर बसायचं का?"

मागून बाईंचा आवाज आला, "तपासणीवर मीही सही करत नाही." पेनाला टोपण लावल्याचा टक्क आवाज सगळ्यांनी ऐकला. गिऱ्हाईक त्या सहीशिवाय माल उचलत नाही, हे मालकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

बाईंना ते काय बोलणार! माझ्याकडे वळले. "ऊठ. जा सोल्डरिंगला. ती खुर्ची तुझ्या बापाची नाही."

उठलो. खुर्ची सवयीने डावीकडे पळाली. दाराशी माझ्या चपला दिसत होत्या. इतकी वर्षं अशा वेळी मला फक्त चपलाच दिसायच्या. खरं सांगतो, दोन पावलं तिकडे टाकलीही. मग वाटलं, मी गेलो की उद्या दुसरा कुणी येईल, जुनी आखणी काढेल, ओळ बघून खूश होईल आणि पाठवून देईल. मालकांना हेच तर हवं. नाही जात, जा! हाकला मला, मग बघू.

काकांच्या टेबलाशी गेलो. "काका, सरका."

"ये," काका म्हणाले. "तुझी इस्त्री मी अजून कुणाला दिलेली नाही." सोल्डरिंग आयर्नला ते इस्त्री म्हणतात.

४ मे

मालक माझ्याशी बोलत नाहीत, पण नव्या आखणीचे नमुने छापून आले. कुणी पाठवले, कसे पाठवले, सगळे म्हणतात माहीत नाही. मी माझ्याच बोर्डावर माझ्याच हाताने तुकडे बसवले. तिरक्या कपॅसिटरला डाग देताना चिमटा आत जाईना. आखणी करणाऱ्याला शिव्या घातल्या, मग आठवलं तो कोण.

रेडिओ शेजारी ठेवला. आधी रेडिओ लावला, मग दिवा. गाणं चालू राहिलं. अगदी कान लावला तर मागे बारीक खसखस आहे. बाई म्हणाल्या, ती पुढच्या खेपेला काढू. स्कोपवर निवडुंगाची लव झाली होती.

काकांनी चष्मा वर केला. "आवाज गेला, पण रूपही गेलं रे."

"आता चपला घालून चाला," मी म्हटलं.

मालक दारात उभं राहून पूर्ण गाणं ऐकून गेले. जाताना भिंतीकडे बघून बोलले, "त्या खुर्चीचं चाक कुणीतरी बघा. मोडकं किती दिवस ठेवायचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघू दे. चाक दुरुस्त करायला मला वेळ लागत नाही. पण ते भिंतीला सांगितलंय, मला नाही. मला सांगतील तेव्हा बघू.

१७ मे

नवा बोर्ड घरी पोचला. अक्काला फोनवर सगळं सांगितलं होतं, कुठले स्क्रू, कुठली वायर कुठे. आई आडवी आली म्हणे. "तो पहिला आहे त्याचा, राहू दे." अक्का म्हणाली, "अगं, हाही त्याचाच आहे!" तरी ऐकेना. शेवटी जुना बोर्ड आपल्या उशाशी राहील असं कबूल करून घेतलं, तेव्हा अक्काला स्क्रू फिरवू दिले. हा हट्टीपणा मला कुठून आला म्हणून लोक विचारतात.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर जिन्यात बसून फोन लावला. फोन उचलला गेला, पण हॅलो नाही. कुणीतरी खणखणीत आवाजात कथा वाचत होतं. एक बाई बसची वाट बघत उभी होती आणि बस येत नव्हती.

"आई?"

बस येईना.

"आई, दिवा लावलायस ना? चालू आहे ना दिवा?"

"गप," आई म्हणाली. "ऐकू दे."